सेवा क्लबचं खजिनदारपद गळ्यात पडतंय: शाळेचे खेळ, स्कॉलरशिप आणि पॉइंटांची भानगड

निंबोणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोतल्या एका लहान गावात राहतो. लेक दहावीत आहे, शाळेच्या क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची धाव) टीममध्ये पळते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी "मंगळवारी संध्याकाळी मोकळी असतेस का गं?" असं विचारलं आणि मी गावातल्या सेवा क्लबात ओढली गेले. तीसेक सभासद, निम्म्याहून जास्त साठी ओलांडलेले. काम मोजकंच, पण वर्षानुवर्षं चालत आलेलं. फुटबॉलच्या सीझनमध्ये शुक्रवारी हायस्कूलच्या मैदानावर कन्सेशन स्टँड, म्हणजे खाण्यापिण्याचा ठेला चालवायचा, वसंतात बागेसाठी मल्चची (मातीवर पसरायच्या लाकडाच्या भुश्याची) पोती विकायची. त्या पैशांतून बारावी संपवून निघालेल्या मुलांना स्कॉलरशिप द्यायची आणि शाळेच्या खेळांना हातभार लावायचा. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एका खेळाला दीडशे डॉलर फी आहे. ज्यांना झेपत नाही त्यांची फी क्लब भरतो. शिवाय कधी बूट, कधी बसचं भाडं, एकदा स्कोअरबोर्ड.

आता मुद्द्याचं. आमचे खजिनदार १९ वर्षांनी निवृत्त व्हायचं म्हणतायत. मी एकदा बोलण्याच्या ओघात बँकेत अकाउंट्सला काम करते असं सांगून बसले. हात दाखवून अवलक्षण! गेल्या शुक्रवारी त्यांनी मला मोजणीला बसवलं. सामना संपल्यावर साडेदहाला शटर ओढलं, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलो. एक एक डॉलरच्या नोटा ओलसर, काहींना नाचोचं चीज. क्वार्टर चाळीस-चाळीसच्या रोलमध्ये भरायचे, निकल कॉफीच्या रिकाम्या डब्यात. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी पेन्सिलने आकडा लिहिला, पैसे पत्र्याच्या पेटीत घातले, पेटी गाडीत ठेवली आणि घरी गेले. सोमवारी बँकेत भरणार. माणूस अगदी सज्जन, शंका घ्यायला जागा नाही. पण माझ्या पोटात गोळा आला.

दुसरं असं की काही पालकांनी एक सूचना आणलीये. जो पालक स्टँडवर उभा राहील त्याला तासागणिक पॉइंट मिळावेत आणि ते त्याच्याच मुलाच्या फीमधून वजा व्हावेत. न राबणाऱ्यांनी पूर्ण फी भरावी. मला वरवर तरी न्याय्य वाटतंय. पुढच्या मंगळवारी मतदान आहे. कोणाला अनुभव?

रोखठोक

न्याय्य वाटतंय म्हणजे काय, आहेच. मी चार वर्षं स्टँडवर हॉट डॉग भाजले. आमच्या टीममध्ये बावीस पोरं आणि राबणारे पालक सहा. बाकीचे गाडीतून पोरगं उतरवणार आणि सुसाट निघून जाणार. फायदा मात्र सगळ्यांना सारखा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. पॉइंट ठेवा, बघा कसे रांगेत उभे राहतात.

हिशेबनीस

निंबोणीताई, थांबा. ती पॉइंटांची योजना मतदानाला जायच्या आधीच हाणून पाडा. मी टॅक्सच्या धंद्यात आहे, वर्षाला असे दोन-तीन क्लब माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा उशिरा.

आधी एक तपासा. तुमचा क्लब ५०१ सी ४ आहे की ५०१ सी ३? हे करमुक्त संस्थांचे दोन प्रकार, सी ३ म्हणजे धर्मादाय. लायन्स, रोटरीसारखे सेवा क्लब बहुधा सी ४ असतात. टॅक्स त्यांनाही नसतो, पण त्यांना दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला टॅक्सची सूट मिळत नाही. म्हणून बरेच क्लब स्कॉलरशिपसाठी वेगळं सी ३ फाउंडेशन काढतात. तुमच्याकडे अशी दोन खाती असतील तर ती एकमेकांत मिसळू देऊ नका. लायन्समध्ये तर नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामी जायला हवा. सभासदांच्या जेवणाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून.

आता पॉइंट. व्हर्जिनियात कॅपिटल जिम्नॅस्टिक्स नावाचा एक बूस्टर क्लब, म्हणजे खेळासाठी पैसे जमवणारा पालकांचा क्लब होता. तिथे नेमकी हीच पद्धत होती. पालकांनी वस्तू विकून पॉइंट मिळवायचे आणि तेवढी रक्कम आपल्या मुलीच्या वाट्याच्या खर्चातून कमी व्हायची. जे विकणार नाहीत त्यांनी पूर्ण भरायचं. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, त्यांचं सी ३ काढून घेतलं, क्लब टॅक्स कोर्टात गेला आणि २०१३ साली हरला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: हा क्लब मुलींच्या खेळासाठी पैसे जमवत नव्हता, राबणाऱ्या पालकांच्या खिशातला खर्च वाचवत होता. करमुक्त संस्थेला ते चालत नाही.

म्हणजे स्टँडवर जमलेला डॉलर कोणत्या पालकाने जमवला हे क्लबच्या वहीत कुठेही दिसता कामा नये.

रोखठोक

हिशेबनीस, कायदा कळला. पण मग फुकट्यांचं काय?

हिशेबनीस

फुकटे राहणार. सी ३ म्हणजे काही सोसायटीचा मेंटेनन्स नव्हे, की भरला नाही तर पाणी तोडलं. फार तर फी सगळ्यांचीच थोडी कमी करता येते, किंवा गरजेनुसार द्यायची. गरज बघायला कोणाचीच हरकत नाही, श्रमाची नोंद मुलाच्या नावावर जमा करायला हरकत आहे.

निंबोणी

बाप रे. बरं झालं विचारलं. सी ३ फाउंडेशन आहे, स्कॉलरशिपपुरतं. पण फी त्याच खात्यातून भरतायत असं दिसतंय. पाहते.

रोखठोक, तुमचा वैताग मला कळतो, मीही गेल्या वर्षी सलग सात शुक्रवार उभी होते. पण परवा एक गोष्ट झाली. लेकीच्या टीममधल्या एका मुलाचे बाबा मला पार्किंगमध्ये भेटले. ते गोदामात रात्रपाळी करतात, दुपारी चारला निघतात. "शुक्रवारी मी कधीच येऊ शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो" म्हणाले, आणि असं म्हणाले जणू माफी मागतायत. त्यांच्या मुलाला अर्थातच शून्य पॉइंट मिळाले असते.

सांजवारा

मी कॅलिफोर्नियातली, म्हणून आधी "फी" शब्दावरच अडखळले. आमच्याकडे सरकारी शाळेला खेळाची फी घेताच येत नाही. १९८४ साली हार्टझेल विरुद्ध कॉनेल या खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाटक, संगीत, खेळ हेही शिक्षणच, आणि राज्यघटनेने शाळा मोफत म्हटलीये. फी माफ करायची सोय ठेवली तरी चालणार नाही असंही. तरी शाळा घेतच राहिल्या, मग २०१२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

अर्थात पळवाटा आहेतच. आमच्या बूस्टर क्लबची ईमेल येते, "ऐच्छिक देणगी, सुचवलेली रक्कम चारशे डॉलर". आणि दोन आठवड्यांनी आठवण. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी उत्तर लिहिलं, ऐच्छिकचा अर्थ काय?

बापमाणूस

फीचं राहू द्या, स्कोअरबोर्डकडे वळतो. निंबोणीताई, तो कोणत्या मैदानावर लागला?

विचारण्याचं कारण असं. माझी पोरगी सॉफ्टबॉल खेळते. तीन वर्षांपूर्वी एका क्लबाने आमच्या शाळेच्या बेसबॉलच्या मैदानाला चकाचक स्कोअरबोर्ड आणि छप्पर असलेला डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) दिला. मुलांसाठी. शेजारीच मुलींचं मैदान. तिथे गुण सांगायला एक पालक पाटी हातात घेऊन उभा राहायचा आणि एप्रिलच्या पावसात पोरी साध्या बाकावर भिजायच्या. मी शाळेत विचारलं तर उत्तर आलं, "ते आमचे पैसे नाहीत, क्लबचे आहेत."

हे उत्तर चुकीचं आहे. टायटल नाइन हा १९७२ चा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलामुलींना सुविधा समतोल हव्यात, आणि त्या सुविधा कोणाच्या पैशातून आल्या याने फरक पडत नाही. देणगीदार कोणालाही देऊ शकतो, बंधन शाळेवर आहे. एका बाजूला पारडं झुकलं तर दुसरीकडची भर शाळेने घालायची. मी कायद्याचं नाव काढलं आणि पुढच्या वसंतापर्यंत मुलींच्या मैदानावर बोर्ड लागला. भांडण वगैरे काही नाही, एक शांत पत्र.

म्हणून क्लबाने चेक लिहायच्या आधी अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला (शाळेच्या खेळांच्या प्रमुखाला) विचारावं: यादी दाखवा, कोणाला काय मिळालंय. फुटबॉलला पैसे द्यायला सगळा गाव तयार असतो. क्रॉस कंट्रीला कोण विचारतो, त्यांच्या शर्यतीला तिकीटसुद्धा नसतं.

निंबोणी

बेसबॉल. (डोळे झाकलेलं माकड.)

गोष्टीवेल्हाळ

अवांतर होणार आहे, पण राहवत नाही. निंबोणीताई ओहायोच्या, तर हे त्यांच्या अंगणातलं. लायन्सची सुरुवात १९१७ ची, शिकागोतली. पण त्यांची दृष्टिहीनांसाठीची ओळख पक्की झाली ती ओहायोत. १९२५ च्या जूनमध्ये सीडर पॉइंटला त्यांचं अधिवेशन होतं आणि हेलन केलर तिथे बोलल्या. अंधांसाठी तुम्ही उभे राहा, असं थेट आवाहन त्यांनी केलं. जुने चष्मे गोळा करण्याचे लायन्सचे डबे गावोगाव दिसतात ते याच कामाचा भाग. सीडर पॉइंटला आता लोक रोलर कोस्टरसाठी जातात.

रोटरी १९०५, तीही शिकागोतली. किवानिस १९१५, डेट्रॉइट. त्याच किवानिसच्या पंखाखाली १९२५ मध्ये सॅक्रामेंटोच्या एका हायस्कुलात 'की क्लब' (Key Club) निघाला, म्हणजे शाळकरी मुलांचा स्वतःचा सेवा क्लब. रोटरीचा तसाच इंटरॅक्ट क्लब त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९६२. निंबोणीताई, तुमच्या शाळेत यांपैकी काही असेल तर स्टँडवरची माणसांची चणचण निम्मी सुटेल. पोरांना सेवेचे तास हवेच असतात.

आणि हेही ध्यानात घ्या, की तुम्हाला आज जे पद गळ्यात घालतायत ते १९८७ आधी मिळालंच नसतं. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टेच्या रोटरीने तीन बायकांना सभासद केलं म्हणून वरच्यांनी त्या क्लबचीच मान्यता काढली. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९८७ ला निकाल बायकांच्या बाजूने लागला. लायन्स आणि किवानिसने त्याच वर्षी दारं उघडली.

निंबोणी

१९८७! म्हणजे मी बालवाडीत होते. आजींना विचारते त्या कधी आल्या.

काठावरचा

सगळं छान चाललंय, थोडं पाणी ओततो. आपली देशी मंडळी मुलांच्या खेळामागे एवढी पळतात ती कॉलेजच्या आशेने. हायस्कुलात खेळणाऱ्या शंभरातली सातेक मुलं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, कोणत्या तरी टीमपर्यंत जातात, आणि त्यातल्या सगळ्यांना पैसे मिळतात असंही नाही. मग क्लबाने खेळावर खर्च करण्यापेक्षा सरळ सगळे पैसे स्कॉलरशिपला का देऊ नयेत?

बापमाणूस

उरलेली त्र्याण्णव खेळतात ती कशासाठी, हे एकदा त्यांना विचारून पाहा की. २०२३-२४ मध्ये देशभरात हायस्कूल खेळांतल्या सहभागाचा आकडा पहिल्यांदाच ८० लाखांच्या वर गेला. एवढी सगळी कॉलेजच्या चेकसाठी सकाळी साडेपाचला उठत नाहीत. माझी पोरगी कॉलेजात खेळणार नाही, तिला ठाऊक आहे. तरी हरल्यावर दोन तास खोलीचं दार बंद असतं.

नवी_पालवी

मी इथे बहुधा सगळ्यात लहान. अशाच एका गावातल्या क्लबची हजार डॉलरची स्कॉलरशिप मला मिळाली होती, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते.

मुलाखत वाचनालयात झाली. टेबलापलीकडे सहा आजी-आजोबा, मध्ये पेपरमिंटची वाटी. निबंधाबद्दल एकही प्रश्न नाही. एका आजोबांनी विचारलं, "तू थ्रोअर होतीस ना? शॉटपुट करताना आधी कोणता पाय?" ते आमच्या मीटला टेप धरायला यायचे, हे मला तेव्हा आठवलं. दोन वर्षं मी त्यांना फक्त मोजपट्टीवाले काका समजत होते.

पण पैशाचं सांगते. कॉलेजला बाहेरची स्कॉलरशिप कळवावी लागते. कळवल्यावर माझ्या कॉलेजने त्यांची स्वतःची ग्रँट बरोब्बर हजाराने कमी केली. म्हणजे क्लबाने मला दिलेले पैसे खरं तर कॉलेजला मिळाले. मी आणि आई ते पत्र तीनदा वाचत होतो. याविरुद्ध सरकारी कॉलेजांपुरता कायदा सगळ्यांत आधी मेरीलँडने केला, २०१७ मध्ये. सगळीकडे नाही अजून.

क्लबांना एवढंच सांगणं आहे: चेक कापायच्या आधी मुलाला म्हणा, कॉलेजला विचार की याने काय कमी होईल. काही कॉलेजं आधी कर्ज किंवा वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारे पैसे) कमी करतात, ते चालतं. काही ग्रँटलाच हात घालतात. तसं असेल तर रक्कम पुढच्या वर्षावर ढकलता येते का ते बघा. आणि फी-पुस्तकांच्या पलीकडे, म्हणजे राहण्याजेवणावर वापरलेली स्कॉलरशिप टॅक्सला पात्र ठरते, हेही कोणी सांगत नाही.

हिशेबनीस

पालवी, शंभर टक्के बरोबर. हे मी लिहायला हवं होतं.

गोष्टीवेल्हाळ

पुन्हा अवांतर, पण स्कॉलरशिपवरून. मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हरमध्ये अर्व्हिंग फ्रॅडकिन नावाचे एक डोळे तपासणारे, चष्म्याचे डॉक्टर होते. शाळा समितीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पण प्रचारात मांडलेली कल्पना त्यांनी सोडली नाही: गावातल्या प्रत्येकाने एक डॉलर दिला तर गावातली पोरं कॉलेजात जातील. १९५८ मध्ये त्यांनी ते सुरू केलं, त्यातून डॉलर्स फॉर स्कॉलर्स ही देशभरची गोष्ट झाली. निवडून आले असते तर बहुधा मीटिंगांतच अडकले असते.

काठावरचा

गोष्टीवेल्हाळ, पडलेल्या उमेदवारांबद्दल तुमचं मत फार चांगलं दिसतंय.

बरं, चेष्टा पुरे. त्या पत्र्याच्या पेटीबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या आधीच्या गावात एक क्लब होता, नाव राहू द्या. खजिनदार बारा वर्षं तेच, सगळ्यांचे लाडके. बँकेचं स्टेटमेंट त्यांच्या घरच्या पत्त्यावर जायचं आणि दुसऱ्या कोणी ते कधीच उघडलं नाही. त्यांच्या घरी आजारपण आलं, त्यांनी थोडे "उसने" घेतले. मग परत करायच्या आधी आणखी थोडे. कळलं तेव्हा त्या वर्षीच्या पाच मुलांना स्कॉलरशिप जाहीर करून झाली होती आणि खात्यात दोन मुलांपुरतेही पैसे नव्हते. सभासदांनी खिशातून भरले. पोलिसांत जायचं की नाही यावर क्लब फुटला, आता नाहीच तो.

मला अजूनही वाटतं, कोणी तरी दर महिन्याला ते पाकीट फोडलं असतं तर तो माणूस वाचला असता. चांगल्या माणसासाठीच दोन सह्या ठेवायच्या असतात.

हिशेबनीस

अगदी. निंबोणीताई, मोजणीला दोन माणसं, एकमेकांचे नातेवाईक नसलेली. आकडा पेनने, दोघांची सही, त्याच रात्री बँकेच्या नाइट डिपॉझिटमध्ये. स्टेटमेंट खजिनदाराशिवाय आणखी एकाला थेट जाऊ दे. आणि वर्षाची उलाढाल साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसचा ९९०-एन, म्हणजे छोट्या संस्थांचा वार्षिक फॉर्म, पाच मिनिटांत ऑनलाइन भरून होतो. पण सलग तीन वर्षं चुकला की करमुक्ती आपोआप जाते. १९ वर्षं पद सांभाळलेल्या तुमच्या खजिनदारांना हे विचाराच, अगदी पहिल्या दिवशी.

जागती_रात्र

नर्स आहे, रात्रीच्या ड्युटीच्या मधल्या वेळात लिहितेय, त्यामुळे थोडक्यात. खेळावर पैसे द्यायचेच तर आधी एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं छोटं मशीन बघा. मैदानावर मूल कोसळलं आणि हृदय थांबलं असेल तर शॉक मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. तीन-चार मिनिटांत मशीन हाताशी हवं. बहुतेक शाळांत ते असतं, पण ऑफिसबाहेरच्या कपाटात, आणि संध्याकाळी शाळेला कुलूप. पॅड आणि बॅटरी यांना मुदत असते, ती कोण बघतं? क्रॉस कंट्रीत तर मुलं मैदानापासून मैल-दीड मैल लांब असतात. स्कोअरबोर्डाइतकं दिसत नाही हे, त्यावर क्लबचं नावही लावता येत नाही, म्हणून कोणी देत नाही.

रोखठोक

जागती_रात्र, नाव लावता येतं. स्टिकर.

(पॉइंटांबद्दल: माघार. पण हॉट डॉग भाजणाऱ्यांना एक हॉट डॉग फुकट मिळावा एवढं तरी कायद्यात बसतं का?)

हिशेबनीस

बसतं. मोहरीसकट.

निंबोणी

मंडळी, मंगळवार झाला. उशिरा लिहितेय कारण घरी आल्यावर कागदांत बसले होते.

पॉइंटांची सूचना मतदानाला गेलीच नाही. मी तो २०१३ चा निकाल सोप्या शब्दांत सांगितला आणि सूचना आणणाऱ्या बाईंनीच मागे घेतली. मग त्या म्हणाल्या, "माझी तक्रार खरं तर पैशाची नव्हती, एकटी उभी राहून कंटाळले होते." यावर सगळे गप्प. आमच्या शाळेतल्या 'की क्लब'ची मुलं पुढच्या शुक्रवारपासून येतायत, चार जणं.

फी आता अशी भरायची ठरलीये: अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आम्हाला फक्त आकडा कळवणार, "या सीझनला अकरा". नावं नाहीत. फ्री लंच मिळणाऱ्या गरजू मुलांची यादी शाळा तशीही बाहेर देऊ शकत नाही. आम्ही शाळेच्या नावाने एक चेक देणार. कोणाची भरली ते कोचलाही कळणार नाही. सॉफ्टबॉलसाठी बोर्डाची चौकशी आजींनी अंगावर घेतली. (त्या १९८९ ला आल्या, क्लबातली दुसरी बाई. पहिली त्यांची नणंद.) एईडीसाठी स्कूल डिस्ट्रिक्टच्या नर्सला बोलावलंय. त्यांच्याकडच्या दोन मशिनांच्या पॅडची मुदत गेल्या वर्षीच संपलीये, हे त्यांनी फोनवरच सांगितलं.

खजिनदार काकांनी मला एक बुटांचं खोकं दिलं. १९ वर्षांच्या पावत्या, रबरबँड सुकून तुटलेले. ९९०-एनच्या छापील पोचपावत्या प्रत्येक वर्षाच्या, एकही चुकलेली नाही. दोन सह्यांचं सांगताना मी चाचरत होते, त्यांना लागेल म्हणून. ते म्हणाले, "मी २००९ पासून हे मागतोय, दुसरी सही करायला कोणी तयार होत नव्हतं."

खोक्याच्या तळाशी एक पाकीट, त्यात सात डॉलर आणि चिठ्ठी: "चीज. बँकेने घेतल्या नाहीत." आता या नोटांचं काय करू?

जागती_रात्र

कोमट पाणी, भांड्याचा साबण, टॉवेलवर वाळवायच्या. इस्त्री नको.

रोखठोक

आणि मोजताना दोन माणसं.